मेघाच्या दुकानाची तपासणी

अमरावती
५ जानेवारी २०२५

प्रिय मंजूषा,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा, तब्येतीची चौकशी वगैरे सगळं आलं असं समज. आज काम घेऊन लिहिते आहे. फोन केला असता, पण फोनवर मला रडू येतं, मग तू समजावत बसतेस आणि मुद्द्याचं राहून जातं. पत्रात मी तुला मध्ये बोलूच देणार नाही.

मेघाचा पत्ता लागला. माझी एकुलती एक लेक नर्सिंगचं शेवटचं वर्ष अर्धवट टाकून, माझ्याशी कडाकडा भांडून घरातून गेली त्याला दीड वर्ष होत आलं. 'स्वतःचं काहीतरी उभं करीन तेव्हा मीच फोन करीन. तोवर शोधायला येऊ नकोस' असं बजावून गेली आणि शब्दाला जागते आहे कार्टी. नंबर बदलला. तिची मैत्रीण भाग्यश्री अधूनमधून 'बरी आहे, काकू' एवढंच सांगायची. परवा तिला बाजारातून पकडून घरी आणलं, खिचडी खाऊ घातली, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

मेघा भोपाळला आहे. जगात एवढी गावं असताना माझ्याच माहेरच्या गावी जाऊन बसली! न्यू मार्केटच्या मागच्या गल्लीत 'रेघ' नावाचं दुकान आहे म्हणे. तिथे टॅटू काढतात आणि नाक, कान, भुवया, जे म्हणाल ते टोचून देतात. माझी मुलगी तिथे लोकांना टोचायला बसते. इथे शेजारच्या शशिकलाबाईंना मी सांगून ठेवलंय की ती भोपाळच्या मोठ्या हॉस्पिटलात लागली.

आता मुद्दा. तुझं दिवाळीचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तुमच्या आरोग्य खात्याने असल्या दुकानांसाठी नवे नियम केले आहेत, नोंदणी सक्तीची झाली आहे आणि तपासणीचं काम तुझ्या गळ्यात आलंय, असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मी हसले होते. मंजू, तू ते दुकान बंद कर.

काहीतरी खोट सापडेलच. असल्या ठिकाणी कुठली आली स्वच्छता? तुझ्या एका सहीने होईल. दुकान बंद पडलं की तिला घरी यावंच लागेल. मी तिला काही बोलणार नाही, नर्सिंगचं नावसुद्धा काढणार नाही. संध्याकाळी दिवे लावते तेव्हा घर नुसतं खायला उठतं. मला ती हवी आहे. भांडायला तरी हवी आहे.

उत्तर लवकर दे, आणि हो असंच दे.

तुझी,
सरोज


टी. टी. नगर, भोपाळ
२४ जानेवारी २०२५

प्रिय सरू,

नाही.

हे आधी लिहून टाकलं म्हणजे पुढचं तू नीट वाचशील. मैत्रिणीची मुलगी घरी यावी म्हणून मी आज एक दुकान बंद केलं, तर उद्या कुणाच्या तरी मेव्हण्यासाठी दुसरं करावं लागेल. तुला राग येईल. शाळेत असताना तू माझ्याशी आठ-आठ दिवस बोलायची नाहीस, तसा येऊ दे.

पण 'रेघ' माझ्या फेरीत होतंच. पाळी आली तेव्हा गेले. बांगड्यांच्या दुकानावरचा जिना, वर काचेचं दार. पांढऱ्या फरशा, त्यावर एक डाग नाही. मालक संकेत, मूळचा इंदूरचा मराठी, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले. मला बघून बिचाऱ्याला घाम फुटला. "मॅडम, आप बैठिए तो सही," एवढंच म्हणत राहिला.

मेघा आत होती. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, पण कपाळ आणि भुवया तुझ्याच, त्यामुळे क्षणभर मी नोंदी करायचं विसरले. तिने मला ओळखलं नाही. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हा मी अमरावतीला शेवटची आले होते, आणि मास्क मलाही होताच.

एका कॉलेजच्या मुलीला नाक टोचून हवं होतं. ती इतकी घाबरलेली की सोबतच्या मैत्रिणीचा हात सोडेना. मेघा तिला म्हणाली, "साँस लो. अब धीरे से छोड़ो." श्वास सोडता सोडता सुई आरपार गेली. मुलगी विचारते, "कब करोगे?" आणि मेघा सुई डब्यात टाकून ग्लोव्ह्ज काढते आहे. मी बरीच दुकानं पाहिली, सरू. कान टोचायची ती बंदूक नीट निर्जंतुक होत नाही म्हणून आम्ही ती बंद केली, तर निम्मे दुकानदार ती टेबलाखाली सरकवतात. इथे ती नव्हतीच.

उणिवा निघाल्या. हात धुवायचं बेसिन दुसऱ्या खोलीत आहे, ते कामाच्या जागी हवं. वापरलेल्या सुयांच्या डब्याला झाकण नाही. आणि 'ब' काविळीच्या लशीचा मेघाचा तिसरा डोस राहिला आहे. मुदत दिली आहे. झालं की नोंदणी देईन.

राग शमला की लिही.

मंजू


अमरावती
३ फेब्रुवारी २०२५

मंजूबाई,

तू माझी मैत्रीण आहेस की सरकार, ते एकदा ठरव. झाकण नाही, बेसिन नाही, लस नाही, एवढं सापडूनही तुला दुकान बंद करता येत नाही? माझ्या वर्गात पोराने वही आणली नाही तर मी त्याला बाहेर उभं करायचे.

आणि तुझं पत्र म्हणजे काय, वाढलं आणि ताट ओढून घेतलं असं. फरशा कुठल्या रंगाच्या ते लिहिलंस. माझी मुलगी बारीक झाली आहे का, ते लिहिलं नाहीस. तिचे केस कापलेले आहेत का? टोपीतून दिसले असतील ना थोडे? थंडीत तिला कोरडा खोकला होतो, महिनाभर जात नाही. खोकत होती का? जेवते कुठे? राहते कुणाबरोबर? तिने स्वतः काही गोंदून घेतलंय का? घेतलं असेल तर सांगू नकोस. नाही, सांग.

त्या नाक टोचलेल्या मुलीचं वाचून काय वाटलं ते मला नीट सांगता येत नाही. शशिकलाबाईंना मी ते वाचून दाखवलं, फक्त नाकाच्या जागी इंजेक्शन केलं. त्या म्हणाल्या, हलक्या हाताची आहे हो तुमची मेघा. मी लगेच हो म्हटलं.

लशीचं मनावर घे. तिसरा डोस घेतला नाही तर काय होतं? लोकांचं रक्त लागतं गं त्या कामात. तू तिला ओरड. अधिकारी म्हणून ओरड, माझं नाव घेऊ नकोस. तिने शोधायला येऊ नकोस म्हटलंय, तर मीही यायची नाही. मलाही मान आहे.

दुसऱ्या तपासणीला कधी जाणार ते कळव. आणि जमलं तर बंद कर.

सरोज


भोपाळ
१२ मार्च २०२५

प्रिय सरू,

काल दुसरी तपासणी झाली. यावेळी तुझी प्रश्नपत्रिका पाठ करून गेले होते, पण एकही प्रश्न विचारावा लागला नाही. तुझी लेक भलतीच बडबडी आहे! मी बेसिन बघत होते तर म्हणे, "मॅडम, तिसरा डोस झाला हं माझा, हा कागद." मी नळ सोडून बघितला तर म्हणे, "जानेवारीभर खोकत होते, आता बंद झाला, काढा घेतला." सुयांच्या डब्याचं नवं झाकण उघडून पाहिलं तोवर तिने सांगून टाकलं की ती करोंदला मंडीजवळ सुप्रिया नावाच्या मुलीबरोबर खोली घेऊन राहते, गव्हाच्या पोत्यांची धूळ घरात येते, पण घरमालकीण चांगली आहे. वरण-भात रोज स्वतः लावते आणि आता वरण करपत नाही. माझ्या तपासणीच्या यादीत वरण-भात येत नाही, पण मी ऐकून घेतलं.

मराठीत बोलत होती. माझं आडनाव बघून बोलली असेल. संकेत सारखा तिच्याकडे बघत होता, की ही मॅडमचं डोकं का खाते आहे.

बारीक नाही झाली. केस खांद्यापर्यंत कापले आहेत. डाव्या मनगटावर एक बारीक पान गोंदलंय, कसलं ते मला कळलं नाही. हे सांगू का नको याचा मी बसमध्ये विचार करत आले. शेवटी तुझं 'नाही, सांग' आठवलं.

सगळं नियमात बसलं आहे. मी नोंदणी दिली. प्रमाणपत्र भिंतीवर लावताना ती खुर्चीवर चढली, संकेत खालून सांगत होता, थोडं डावीकडे, थोडं वर. माझ्यासारख्या बाईलासुद्धा भरून आलं. तू तिथे हवी होतीस असं वाटलं.

आता महिनाभर बोलू नकोस हवं तर.

मंजू


अमरावती
२१ एप्रिल २०२५

मंजू, मंजू, मंजू!

मार्चच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण खरंच रागावले होते. माझी मेघा बडबडी? बाहेरच्या माणसासमोर तोंडातून शब्द काढायला तिला दहा वेळा विचारावं लागायचं. म्हटलं, भोपाळने पोरगी पार बदलून टाकली. आणि तू प्रमाणपत्र देऊन आलीस!

पण आज भाग्यश्री येऊन सांगून गेली. दुकानाला सील लागलं. तू सही केलीस! वरवर नाही नाही म्हणत होतीस आणि शेवटी माझ्यासाठी केलंस. तुझे उपकार कसे फेडू? मी तिची खोली धुऊन काढली. पंख्याची पाती पुसली, गादी उन्हात घातली, कोपऱ्यावरच्या दुकानातून तिचं ते तिखट फरसाण आणून ठेवलं. या आठवड्यात येईल ना? कुठल्या गाडीने येते ते कळलं तर कळव. मी स्टेशनवर जाणार नाही, तिला अवघड वाटेल. नाहीतर जातेच.

खूप खूप आनंदात,
सरू


भोपाळ
२८ एप्रिल २०२५

सरू,

हे पत्र बसून वाच.

सील मी लावलं, पण तुझ्यासाठी नाही. तू त्याला उपकार म्हणालीस ते वाचून मला दिवसभर काम सुचलं नाही. काय झालं ते पहिल्यापासून सांगते.

इथल्या चार इमली भागात एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर नातू झाला. आजी नलिनीताई, इंदूरच्या मराठी. बाराव्या दिवशी बारसं आणि बारशाला कान टोचायचे, ही त्यांच्या घरची रीत. ज्या सोनाराने त्यांच्या मुलांचे कान सोन्याच्या तारेने घरी येऊन टोचले, तो आता नाही, आणि दुसरा कुणी घरी यायला तयार होईना. कुणीतरी 'रेघ'चं नाव सांगितलं. नलिनीताई बाळाला दुपट्यात गुंडाळून जिना चढून वर आल्या. संकेत बाहेर गेला होता. मेघा एकटी होती.

आमचा नियम स्पष्ट आहे. पहिल्या लशी झाल्याशिवाय आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तान्ह्या बाळाला हात लावायचा नाही. मेघाने तसं सांगितलं. नलिनीताई म्हणाल्या, "अगं बाळा, तू तर आपल्यातलीच दिसतेस. मग तुला का समजवायचं? बारशाला कान नकोत का टोचायला?" आणि तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पर्समधल्या डब्यातून बारशाच्या घुगऱ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या. मेघाने बाळाचे कान टोचले.

तिचं टोचणं चुकलं नव्हतं. फक्त सलाइनच्या पाण्याने पुसा, दुसरं काही लावू नका, असं तिने दोनदा बजावलं होतं. पण घरी गेल्यावर हळद-तेल लावलं, आपल्याकडे लावतातच. कान सुजले, बाळाला ताप भरला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. बाळाच्या वडिलांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. इतक्या लहान जिवाच्या बाबतीत मी कानाडोळा केला नसता. तुझी मुलगी नसती तरी नसता, आणि होती तरी नाही केला.

मी तिचा जबाब घेतला. समोर बसली होती, मास्क नव्हता. विचारलं, नियम माहीत होता? "हो." मग का केलंस? टेबलाकडे बघत म्हणाली, "खूप दिवसांनी मला कुणीतरी बाळा म्हटलं."

हे सरकारी कागदात कसं लिहू गं? मी 'ग्राहकाच्या आग्रहावरून' असं लिहिलं.

आणखी एक विचारलं, अधिकारी म्हणून नाही. एवढ्या गावांत भोपाळच का? म्हणाली, "माझी आई इथली. लहानपणी सारखी इथलंच सांगायची, टी. टी. नगरचे क्वार्टर, शाळेचा रस्ता. क्वार्टर पाडले आता. मी सुटीच्या दिवशी त्या बाजूला फिरून येते."

सरू, तुला वाटतं ती तुला विसरली. मलाही तसंच वाटत होतं.

आता वाईट बातमी. तिच्यावर पुन्हा प्रशिक्षण घेईपर्यंत टोचायची बंदी आहे. तिने आणि सुप्रियाने करोंदची खोली सोडली. कुठे गेल्या ते संकेतला ठाऊक नाही, घरमालकिणीला ठाऊक नाही. अमरावतीला आली असती तर एव्हाना पोचली असती. ती तुझ्याकडे येणार नाही, असं मला वाटतं. दुकान चालू असताना तोंड दाखवलं नाही, ते बंद पाडून घेऊन ती कशी येईल?

तुझी गादी आत घे.

मंजू


अमरावती
५ मे २०२५

प्रिय मंजू,

आधी सांग, बाळ कसं आहे? घरी आलं का? त्या माउलीचे काय हाल झाले असतील. मी इथे गाद्या वाळवत होते आणि तिकडे एक तान्हं पोर हॉस्पिटलात होतं. मला माझीच लाज वाटली.

गाडीच्या वेळेला रोज फाटकापाशी उभी राहते. शशिकलाबाई विचारतात, सुटी मिळाली का मेघाला? मी म्हणते, येईल. काल त्यांना खरं सांगून टाकलं. कान टोचते, हॉस्पिटलात नाही, आणि आता कुठे आहे तेही मला ठाऊक नाही. त्यांनी मला आत नेऊन चहा दिला, काही विचारलं नाही.

ते दुकान चालू होतं तोवर मला कळत तरी होतं गं. खोकला गेला, वरण करपत नाही, खुर्चीवर चढून खिळा ठोकला. तेवढ्यावर माझे दोन-दोन महिने निघत होते. तुझं मार्चचं पत्र मी रागावून फेकलं होतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटामागून काढलं. मी बंद कर, बंद कर म्हणून तुझ्या मागे लागले. आता बंद आहे, आणि माझी मुलगी कुठे झोपते हे जगात कुणालाच माहीत नाही, भाग्यश्रीलासुद्धा नाही.

ते उघड, मंजू. नियम मोडून नको, मी तसं पुन्हा कधी म्हणणार नाही. पण नियमात काय काय लागतं, ते त्या संकेतला समजावून सांग. त्याला समजलं नाही तर दोनदा सांग. तिचं ते प्रशिक्षण लवकर लाव. तिने सुई पुन्हा हातात घ्यावी आणि तू पुन्हा तपासणीला जावंस. ती नाही आली घरी तरी चालेल. चालणार नाही, पण चालवून घेईन.

आणि तिने त्या घुगऱ्या खाल्ल्या का, हे तुला कळलं तर लिही.

सरू


भोपाळ
१२ जून २०२५

प्रिय सरू,

बाळ ठणठणीत आहे. नलिनीताई त्याला घेऊन माझ्या ऑफिसात आल्या होत्या. म्हणाल्या, "हट्ट माझा होता, शिक्षा त्या पोरीला का?" मी म्हटलं, शिक्षा नाही, नियम आहे. तुम्ही तिला नाही म्हणू द्यायला हवं होतं. त्यांनी डोळे पुसले. मुलाला सांगून त्यांनी तक्रार पुढे नेऊ दिली नाही, पण आमची चौकशी आम्ही पुरी केली.

संकेतने सांगितलेलं सगळं केलं. तान्ह्या बाळांविषयीचा फलक हिंदीत मोठ्या अक्षरांत दारावरच लावला. आणि आमच्या खात्याने प्रशिक्षण ठेवलं, त्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं ते तुला सांगायला नको. सुप्रियाच्या गावी, सीहोरजवळ, राहिली होती इतके दिवस. जरा वाळली आहे. खोकला नाही.

प्रशिक्षण संपलं, सगळे गेले, ती जाईना. खुर्च्या सरळ करत राहिली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मावशी, आईला लिहिता ना तुम्ही?"

तुला कोणी सांगितलं, मी विचारलं. म्हणाली, "पहिल्याच तपासणीत कळलं. कागदावर तुम्ही सही केलीत ना. आमच्या घरी तुमची पत्रं यायची, त्याखाली हीच सही असायची." मग हसली आणि हसता हसता रडायला लागली. "म्हणून तर मी सांगत होते सगळं. नाहीतर तपासणीला आलेल्या मॅडमना कोण सांगतं, वरण करपत नाही म्हणून? मला वाटायचं, तुम्ही लिहाल, आई वाचेल, आणि मग ती येईल."

"तूच तर तिला येऊ नकोस म्हणालीस," मी म्हटलं.

"हो ना," म्हणाली. "ऐकते कशाला ती?"

सरू, मी सरकारी नोकरीत केस पांढरे केले, पण तुम्हा दोघींइतका आडमुठेपणा मी कुठल्या फाइलीत पाहिला नाही. एक येऊ नकोस म्हणून बसली आहे, दुसरी मान सांभाळून बसली आहे, आणि मधल्या मध्ये मी बेसिनं तपासते आहे. मी यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. तिने विचारलं, आता काय लिहाल? मी सांगितलं, काही नाही.

दुकान २३ तारखेला उघडतं आहे. मी त्या आठवड्यात बैठकीसाठी ग्वाल्हेरला असेन, आणि ते बरंच आहे. घराची चावी शेजारी दत्तूभैयांकडे ठेवली आहे. फ्रिजमध्ये दूध असेल. तू ये.

घुगऱ्या खाल्ल्या. मी विचारलं होतं.

मंजू


तुझ्या घरून, भोपाळ
२६ जून २०२५

प्रिय मंजू,

तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. साखर संपली आहे, मी आणून ठेवते. तुला फोन करता आला असता, पण तुला माहीतच आहे.

सोमवारी गेले. जिना चढताना दोनदा थांबले, गुडघ्यांमुळे असं मी स्वतःला सांगितलं. काचेच्या दाराआड संकेत होता. त्याने मला बघून विचारलं, "आंटी, नाक या कान?" मी म्हटलं, मेघा आहे का? त्याने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि एकदम मराठीत म्हणाला, "काकू, बसा नं, बसा."

ती आतल्या खुर्चीपाशी होती. एक बाई कान टोचून घ्यायला बसली होती, मेघाने ग्लोव्ह्ज घातलेले, सुईचं पाकीट फोडलेलं. तिने वर बघितलं. मंजू, मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, पण मला सगळा चेहरा दिसला. मी पुढे झाले तर ती म्हणाली, "तिथेच बस, आई. माझे हात मोकळे नाहीत."

मी बसले. माझ्या मुलीला काम करताना मी पहिल्यांदा बघितलं. तिने त्या बाईच्या कानाच्या पाळीवर खूण केली, आरसा दिला, खूण पुसली, जरा वर पुन्हा केली. बाईला म्हणाली, श्वास सोडा. हात जरासुद्धा हलला नाही. माझे मी पदरात धरून बसले. मग तिने सुई डब्यात टाकली, झाकण लावलं, त्या बाईला सगळं समजावलं, हळद नाही, तेल नाही, फक्त सलाइन. मला वाटत होतं, पुरे कर गं, लवकर ये. आणि वाटत होतं, काही विसरू नकोस, सगळं नीट कर. मग ग्लोव्ह्ज काढले आणि बेसिनशी जाऊन हात धुतले, किती वेळ धुतले! माझ्याकडे पाठ होती. खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं, हात केव्हाच धुऊन झाले होते.

मीच उठून गेले.

मग म्हणाली, "घरी चल म्हणायला आलीस ना?" अमरावतीपासून गाडीत मी तेच एक वाक्य घोकत आले होते. म्हटलं, नाही, तुला बघायला आले. खोटं बोलले, पण म्हटल्यावर ते खरंच वाटायला लागलं.

हे तीन दिवस करोंदला तिच्या खोलीत राहिले, तिने तीच खोली परत घेतली आहे. घरमालकीण खरंच चांगली आहे आणि धूळ खरंच फार आहे. वरण उत्तम करते. मनगटावर पान आहे ते कढीपत्त्याचं. मी कारण विचारलं तर म्हणाली, आपल्या अंगणात आहे ना. आज तुझं घर झाडून काढायला म्हणून इकडे आले.

ती घरी येणार नाही. तसं सरळ म्हणाली, आणि यावेळी भांडली नाही. पुढेमागे स्वतःचं दुकान काढायचं आहे तिला, तुझ्या सहीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचं आहे. मला ती तितकीच हवी आहे, मंजू, जानेवारीत होती तितकीच. उलट आता जास्त, कारण आता माहीत झालं ती कशी आहे. पण रविवारी मी परत जाते आहे, एकटीच.

काल जेवताना म्हणाली, "रविवारी गर्दी असते, पण मी संकेतला सांगते आणि दुकान बंद करून स्टेशनवर सोडायला येते तुला."

मी म्हटलं, दुकान बंद करू नकोस.

तुझी,
सरू